ब्रिटनवर दबाव आणण्यासाठी जर्मनीने आरमार उभारलं, पण ते जर्मनीवरच कसं उलटलं?

२६ जून १८९७. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टस्मथजवळच्या स्पिटहेडच्या समुद्रात राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाल्याबद्दल नौदलाचं भव्य संचलन भरलं होतं. दीडशेहून अधिक ब्रिटिश युद्धनौका रांगा लावून उभ्या होत्या. इतर देशांनीही आपापली एकेक नौका पाठवली होती. जर्मनीकडून आला होता कैसर विल्हेम दुसरा याचा धाकटा भाऊ, प्रिन्स हाइनरिश. त्याची नौका होती 'क्योनिग विल्हेम'. तिला जवळपास ३० वर्षं झाली होती आणि विशेष म्हणजे ती लंडनमध्येच, थेम्सकाठच्या गोदीत बांधलेली होती. याहून चांगली नौका पाठवता आली नाही, याची कैसरला मोठी खंत वाटली.

योगायोग असा की, त्याच जून महिन्यात अ‍ॅडमिरल आल्फ्रेड टिर्पिट्झ यांच्याकडे जर्मनीच्या नौदल खात्याचा कारभार आला. समुद्रावर जर्मनीचा सर्वांत धोकादायक शत्रू इंग्लंड आहे आणि त्याला समोर ठेवूनच नौदल बांधायला हवं, असं त्यांनी एका गोपनीय टिपणात कैसरला स्पष्ट सांगितलं.

पुढच्या १५ वर्षांत या विचारातून जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं आरमार उभं राहिलं. ब्रिटनने जर्मनीशी जुळवून घ्यावं, निदान वाकड्यात शिरू नये, हा त्यामागचा हेतू. झालं ते नेमकं उलट. दोन बड्या सत्तांमधल्या नौदल स्पर्धेविषयी आज बोलताना अभ्यासक या उदाहरणाकडे पुन्हा पुन्हा का वळतात, ते समजून घेऊ या.

जर्मनीला आरमार हवंच कशाला होतं?

१८७१ साली एकत्र आलेला जर्मनी हा मुळात जमिनीवरचा देश. एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला रशिया. त्यामुळे त्याची सगळी भिस्त लष्करावर. पण १८९०च्या दशकात चित्र बदलत होतं. पोलाद उत्पादनात जर्मनी ब्रिटनला मागे टाकत होता. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन बंदरांतून जगभर व्यापार चालत होता. आफ्रिकेत आणि पॅसिफिकमध्ये वसाहती मिळाल्या होत्या. एवढा मोठा देश, पण त्याचा व्यापार ब्रिटनच्या मर्जीवर, ही गोष्ट तिथल्या शिकलेल्या मध्यमवर्गाला सलत होती.

त्यात १८९० मध्ये अमेरिकी नौदल अधिकारी आल्फ्रेड महान यांचा सागरी सत्तेवरचा ग्रंथ आला. ज्याचं समुद्रावर वर्चस्व, तोच मोठा, हे त्याचं सार. कैसर या पुस्तकाने भारावून गेला. तो व्हिक्टोरिया राणीचा सख्खा नातू. लहानपणी आजोळी गेल्यावर पाहिलेल्या ब्रिटिश युद्धनौकांचं त्याला वेड होतं.

जर्मन लोकांची भीतीही समजून घ्यायला हवी. १८०७ मध्ये ब्रिटनने तटस्थ असलेल्या डेन्मार्कच्या राजधानीवर, कोपनहेगनवर, तोफा डागून त्या देशाचं आरमारच पळवून नेलं होतं. उद्या आपल्या बाबतीत हेच घडलं तर? ही शंका बर्लिनमध्ये कायम होती. १८९९ च्या शेवटी बोअर युद्धाच्या काळात ब्रिटिशांनी 'बुंडेसराट' हे जर्मन टपाल जहाज दक्षिण आफ्रिकेजवळ अडवलं. त्यात बोअरांसाठी शस्त्रं आहेत असा संशय होता. झडतीत काहीच सापडलं नाही. जर्मनीत संतापाची लाट उसळली आणि टिर्पिट्झ यांना हवं ते वातावरण आयतं तयार झालं.

टिर्पिट्झ यांचं गणित काय होतं?

१८९८ मध्ये जर्मन संसदेने, म्हणजे राइशटागने, पहिला नौदल कायदा मंजूर केला. त्यात १९ मोठ्या युद्धनौकांची तरतूद होती. दोनच वर्षांनी, १९०० मध्ये, दुसरा कायदा आला आणि हा आकडा दुप्पट, म्हणजे ३८ झाला.

यातली खरी मेख 'कायदा' या शब्दात होती. एरवी संसद दरवर्षी अर्थसंकल्पात किती जहाजं बांधायची ते ठरवत असे. टिर्पिट्झ यांनी आरमाराचा आकारच कायद्यात बसवला. प्रत्येक युद्धनौकेचं आयुष्यही ठरवून टाकलं. ते संपलं की बदली नौका आपोआप बांधायची. म्हणजे पुढे कोणीही निवडून आलं तरी बांधणी थांबणार नाही. ही व्यवस्था चलाख होती, पण तिची दुसरी बाजू पुढे अंगलट आली. उद्या ब्रिटनशी बोलणी करायची वेळ आली, तर माघार घ्यायला जागाच उरली नव्हती.

ब्रिटनपेक्षा मोठं आरमार उभारणं शक्य नाही, हे टिर्पिट्झ यांना ठाऊक होतं. त्यांची मांडणी 'जोखीम सिद्धांत' म्हणून ओळखली जाते. ती अशी: जर्मन आरमार इतकं मोठं हवं की, त्याच्याशी लढून ब्रिटन जिंकला तरी त्याचं एवढं नुकसान व्हावं की नंतर फ्रान्स आणि रशियासमोर तो दुबळा ठरेल. ही जोखीम ब्रिटन पत्करणार नाही. मग तो जर्मनीशी सबुरीने वागेल आणि वसाहतींच्या वाटणीत सवलती देईल. यासाठी ब्रिटनच्या साधारण दोनतृतीयांश ताकद पुरेशी आहे, असा हिशेब होता.

कागदावर हे गणित बिनचूक दिसतं. पण ते तीन गृहीतकांवर उभं होतं. एक, ब्रिटनचं फ्रान्स आणि रशियाशी वैर कायम राहील. दोन, ब्रिटनला आपलं आरमार जगभर विखुरलेलं ठेवावं लागेल. तीन, जहाजं बांधण्याच्या शर्यतीत ब्रिटन एका मर्यादेपुढे जाणार नाही. दहा वर्षांच्या आत तिन्ही गृहीतकं कोसळली आणि त्याला मुख्यतः हेच आरमार कारणीभूत ठरलं.

ब्रिटनला एवढी धास्ती का वाटली?

जर्मनीसाठी आरमार ही प्रतिष्ठेची, व्यापाराची, फार तर दबावाची बाब होती. ब्रिटनसाठी तो रोजच्या भाकरीचा प्रश्न होता. त्या काळी ब्रिटनला लागणाऱ्या गव्हापैकी जवळपास चारपंचमांश गहू समुद्रमार्गे येई. त्यात अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिनाबरोबरच पंजाबातून कराची बंदरामार्गे जाणारा गहूही होता. समुद्र बंद झाला, तर काही आठवड्यांत देश उपाशी. शिवाय ब्रिटनचं खडं सैन्य युरोपातल्या इतर सत्तांच्या तुलनेत अगदी लहान होतं. म्हणजे समुद्रावरची एक लढाई हरली की बचावाची दुसरी फळीच नाही.

जर्मनीचं तसं नव्हतं. त्याचं आरमार उद्या बुडालं असतं, तरी युरोपातलं सर्वांत बलाढ्य लष्कर शाबूत होतं. त्यामुळे लंडनमधून दिसणारं चित्र असं होतं: ज्याच्याकडे सर्वांत बलाढ्य लष्कर आहे, तोच आता दुसऱ्या क्रमांकाचं आरमार बांधतोय आणि तेही आपल्या अगदी दाराशी, उत्तर समुद्रात. तिथे थांबून राहण्यासाठी बांधलेल्या या नौका दूरच्या वसाहती राखायला फारशा उपयोगाच्या नव्हत्या. मग त्या कोणासाठी आहेत, हे सांगायची गरज नव्हती.

१ जानेवारी १९०७ रोजी ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले अधिकारी आयर क्रो यांनी एक टिपण लिहिलं. त्यांचा जन्म जर्मनीतल्या लाइपझिगचा, आई जर्मन, पत्नीही जर्मन. त्यामुळे त्यांना जर्मनीची माहिती नव्हती असं कोणी म्हणू शकत नव्हतं. त्यांचा मुद्दा असा: जर्मनी ठरवून वर्चस्व मिळवू पाहतोय की नुसताच धडपडतोय, याने आपल्याला फरक पडत नाही. एवढं लष्कर आणि एवढं आरमार एका हाती आलं की धोका दोन्ही बाबतींत तोच. थोडक्यात, समोरच्याचे हेतू काय आहेत यापेक्षा त्याची ताकद किती आहे, त्यावरून धोरण ठरू लागलं.

ब्रिटनने काय केलं?

पहिली गोष्ट म्हणजे जुनी वैरं मिटवली. जानेवारी १९०२ मध्ये जपानशी करार झाला, त्यामुळे पूर्वेकडची चिंता कमी झाली. एप्रिल १९०४ मध्ये फ्रान्सशी समझोता झाला. इजिप्त आणि मोरोक्कोवरून अनेक वर्षं चाललेली भांडणं त्यात मिटली. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपानने रशियाचं आरमार जवळपास नामशेष केलं. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्रिटनने त्या दुबळ्या झालेल्या रशियाशीही इराण, अफगाणिस्तान आणि तिबेटबाबत करार केला. हिंदुस्थानवर रशिया चाल करून येईल, ही शंभरेक वर्षांची धास्ती कमी करण्याचा तो प्रयत्न होता. या करारांमागे जर्मनी हे एकमेव कारण नव्हतं. साम्राज्याचा पसारा एकट्याने सांभाळणं ब्रिटनला जड जात होतं, हेही तितकंच खरं. पण परिणाम एकच झाला. ज्या वैरांच्या भरवशावर टिर्पिट्झ यांनी गणित मांडलं होतं, ती वैरंच उरली नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे आरमार घराजवळ आणलं. १९०४ मध्ये नौदलाची सूत्रं अ‍ॅडमिरल जॅकी फिशर यांच्या हाती आली. स्वभावाने तडकाफडकी, अनेक सहकाऱ्यांना नकोसे वाटणारे, पण कामाला वाघ. नुसता मान मिरवत दूरच्या बंदरांत उभी असलेली दीडशेच्या आसपास जुनी जहाजं त्यांनी सेवेतून काढली. चीनच्या समुद्रातल्या युद्धनौका परत बोलावल्या. तोवर ब्रिटिश नौदलाचे मुख्य तळ फ्रान्सच्या समोर, दक्षिणेला होते. आता स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर रोझाइथ इथे नवा तळ बांधायला घेतला गेला होता. आरमाराचं तोंड फ्रान्सकडून जर्मनीकडे वळलं, ते असं.

'ड्रेडनॉट' आली आणि काय बदललं?

फिशर यांची सर्वांत गाजलेली खेळी म्हणजे 'ड्रेडनॉट'. २ ऑक्टोबर १९०५ रोजी पोर्टस्मथच्या गोदीत तिचा कणा रचला गेला आणि वर्षभरातच ती चाचणीसाठी समुद्रात उतरली. एवढी मोठी युद्धनौका बांधायला त्या काळी साधारण तीन वर्षं लागत.

तिचं वेगळेपण दोन गोष्टींत होतं. आधीच्या युद्धनौकांवर साधारणपणे १२ इंची चार तोफा आणि बाकी लहानमोठ्या तोफांची खिचडी असे. ड्रेडनॉटवर १२ इंची दहा तोफा होत्या. सगळ्या मोठ्या तोफा एकाच मापाच्या असल्या की गोळा कुठे पडला ते पाहून नेम सुधारणं सोपं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे वाफेवर चालणारी टर्बाइनं. १८९७ च्या त्याच संचलनात चार्ल्स पार्सन्स या अभियंत्याने 'टर्बिनिया' ही आपली छोटी बोट युद्धनौकांच्या रांगांमधून बिनपरवाना पळवली होती आणि तिला पकडायला निघालेल्या नौदलाच्या बोटी मागे पडल्या होत्या. त्याचंच हे तंत्र. त्याच्या जोरावर ड्रेडनॉट ताशी २१ सागरी मैल वेगाने जाई. जुन्या युद्धनौका १८च्या आसपास अडकत.

ती आली आणि जगातल्या बाकी सगळ्या युद्धनौका एका रात्रीत जुनाट ठरल्या. पण त्यात ब्रिटनच्या स्वतःच्या नौकाही आल्या. जुन्या नौकांच्या संख्येत ब्रिटनची असलेली प्रचंड आघाडी एकदम बिनमोल झाली आणि मोजणी जवळजवळ शून्यापासून सुरू झाली. फिशर यांच्यावर तेव्हा यासाठी कडाडून टीका झाली. त्यांचं उत्तर असं की, ही कल्पना अमेरिका आणि जपानमध्येही शिजत होती. कोणी तरी ती आणणारच होतं, मग आपण पहिले का नको?

जर्मनीसमोर पेच उभा राहिला. शर्यत सोडायची, की दुप्पट खर्च करायचा? टिर्पिट्झ यांनी दुसरा मार्ग निवडला. पण नुसती जहाजं मोठी करून भागणार नव्हतं. गोद्या वाढवाव्या लागणार होत्या. बाल्टिक आणि उत्तर समुद्र जोडणारा कील कालवा १८९५ मध्येच खुला झाला होता, पण ड्रेडनॉटच्या आकाराची नौका त्यातून जाऊच शकत नव्हती. तो रुंद आणि खोल करायचं काम १९०७ पासून १९१४ पर्यंत चाललं.

एवढा पैसा कुठून आला?

नौदल स्पर्धेत शेवटी तिजोरीच बोलते आणि इथे ब्रिटन सरस ठरला.

१९०८ मध्ये जर्मनीने कायद्यात दुरुस्ती करून नौकांचं आयुष्य २५ वरून २० वर्षांवर आणलं आणि दरवर्षी चार मोठ्या नौका बांधायचं ठरवलं. त्या पाठोपाठ जर्मनी गुपचूप आणखी वेग वाढवतोय, अशी खबर लंडनमध्ये पसरली. १९०९ च्या सुरुवातीला तिथे अक्षरशः घबराट माजली. नौदल खातं सहा ड्रेडनॉट मागत होतं. लॉइड जॉर्ज आणि चर्चिल हे मंत्री चार पुरे म्हणत होते, कारण त्यांना वृद्धांच्या पेन्शनसाठी पैसा हवा होता. सभांमधून आणि वर्तमानपत्रांतून 'आम्हाला आठ हव्यात आणि आत्ता हव्यात' अशा आशयाची घोषणा घुमू लागली. शेवटी मंजूर झाल्या आठ. सहा आणि चारच्या वादातून आठ निघाल्या, हे त्या काळच्या मनःस्थितीचं उत्तम उदाहरण. ज्या संख्येने जर्मन नौका तयार होतील अशी भीती घातली गेली होती, तेवढ्या प्रत्यक्षात झाल्याच नाहीत.

आता पेन्शनही हवी आणि नौकाही. १९०९ च्या अर्थसंकल्पात लॉइड जॉर्ज यांनी दोन्हींसाठी श्रीमंतांवर आणि जमीनदारांवर कर वाढवले. उमरावांच्या सभागृहाने तो फेटाळला. त्यावरून दोन निवडणुका झाल्या आणि १९११ मध्ये त्या सभागृहाचे अधिकारच छाटले गेले. राजकीय वादळ मोठं झालं, पण पैसा उभा राहिला.

जर्मनीत नेमकं हेच जमलं नाही. तिथे थेट कर घटक राज्यांच्या हाती होते. केंद्राला मुख्यतः जकात आणि वस्तूंवरच्या करांवर भागवावं लागे. १९०९ मध्ये वारसा करातून पैसा उभा करायचा प्रयत्न झाला, तर बड्या जमीनदारांच्या पक्षाने तो पाडला आणि चान्सेलर ब्यूलो यांना पायउतार व्हावं लागलं. राष्ट्रभक्तीच्या गप्पा मारायला सगळे पुढे, पण खिशात हात घालायची वेळ आली की जो तो मागे. मग बोजा बिअर, तंबाखूसारख्या वस्तूंवरच्या करांतून सामान्यांवर पडला आणि उरलेला कर्जावर.

तोडगा निघाला नाही, तो का?

प्रयत्न झाले. फेब्रुवारी १९१२ मध्ये ब्रिटनचे युद्धमंत्री हाल्डेन बर्लिनला गेले. जर्मन भाषा आणि तत्त्वज्ञान यांची त्यांना उत्तम जाण होती. पण दोन्ही बाजूंना हवं असलेलं एकमेकांत बसत नव्हतं. जर्मनीने बांधणी कमी करावी, ही ब्रिटनची मागणी. युरोपात युद्ध झालं तर ब्रिटन तटस्थ राहील, हे लिहून द्यावं, ही जर्मनीची अट. तसं लिहून देणं म्हणजे फ्रान्सला वाऱ्यावर सोडणं, म्हणून ब्रिटनने नकार दिला. जर्मनीने नवी दुरुस्ती मंजूर केली. त्यात मोठ्या युद्धनौकांचं लक्ष्य ४१ वर गेलं.

याचा परिणाम काय झाला, ते नीट पाहण्यासारखं आहे. ब्रिटनने भूमध्य समुद्रातल्या मोठ्या नौका मायदेशी आणल्या. फ्रान्सने आपलं आरमार भूमध्य समुद्रात एकवटलं. लेखी युती नव्हती, पण फ्रान्सचा उत्तर किनारा आता ब्रिटनच्या भरवशावर उघडा पडला होता. दोन वर्षांनी, २ ऑगस्ट १९१४ रोजी, जर्मन आरमार खाडीत आलं तर आम्ही फ्रान्सच्या किनाऱ्याचं रक्षण करू, असं वचन ब्रिटनला द्यावं लागलं. ब्रिटन तटस्थ राहावा म्हणून जो दबाव आणला, त्यानेच ब्रिटनला फ्रान्सच्या बाजूला नेऊन उभं केलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा.

गंमत म्हणजे १९१२ नंतर शर्यत थंडावत चालली होती. रशिया सावरत होता, त्यामुळे जर्मनीने पैसा पुन्हा लष्कराकडे वळवला. जून १९१४ च्या अखेरीस ब्रिटिश युद्धनौकांचा एक ताफा कीलच्या नौकानयन महोत्सवात पाहुणा म्हणून आला होता. दोन्हीकडचे खलाशी एकमेकांबरोबर मजेत होते. तिथेच २८ जूनला ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येची बातमी येऊन थडकली.

मग या आरमारामुळेच पहिलं महायुद्ध झालं का?

नाही, इतकं सोपं उत्तर देता येत नाही. ठिणगी बाल्कनमध्ये पडली. ऑस्ट्रिया, रशिया, जर्मनी आणि फ्रान्स युद्धात उतरले ते जमिनीवरच्या हिशेबांमुळे. जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केलं म्हणून ब्रिटन उतरला. पण त्या क्षणी ब्रिटनला जर्मनीविषयी जराही विश्वास का वाटला नाही, याचं बरंचसं उत्तर या १५ वर्षांत आहे.

युद्धात या आरमाराचं काय झालं?

लढाई सुरू होताच ब्रिटन नाकेबंदीसाठी जर्मन किनाऱ्याजवळ येईल, मग पाणसुरुंग आणि टॉर्पेडोंनी त्याच्या नौका एकेक करून टिपू, अशी जर्मनीची अपेक्षा होती. ब्रिटन जवळ आलाच नाही. पाणबुड्या आणि सुरुंगांमुळे किनाऱ्याला खेटून पहारा देणं घातक झालं आहे, हे त्याने ओळखलं होतं. नकाशा पाहा. जर्मनीतून अटलांटिककडे जायला दोनच वाटा: एक इंग्लिश खाडीतून, दुसरी स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या मधून. ब्रिटन या दोन्ही वाटांवर आडवा पडलेला आहे. त्याने दोन्ही दारं लांबूनच लावली. मुख्य ताफा उत्तरेला ऑर्कनी बेटांतल्या स्कॅपा फ्लो इथे ठेवला आणि वाट पाहत बसला. टिर्पिट्झ यांच्या कितीही जहाजांनी हा भूगोल बदलणार नव्हता.

दूरच्या समुद्रांतल्या जर्मन नौका मोजक्याच होत्या. त्यातल्या 'एम्डेन' या क्रूझरने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि हिंदी महासागरात खळबळ उडवली. पण नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने कोकोस बेटांजवळ तिला गाठून निकामी केलं.

मुख्य ताफ्यांची मोठी गाठ पडली ती एकदाच, ३१ मे १९१६ रोजी, डेन्मार्कजवळ जटलंडला. ब्रिटनच्या २८ ड्रेडनॉटसमोर जर्मनीच्या १६. ब्रिटनचे सहा हजारांहून अधिक लोक आणि १४ नौका गेल्या. जर्मनीचे अडीच हजारांहून अधिक लोक आणि ११ नौका. आकड्यांत जर्मनी सरस ठरला, पण दुसऱ्या दिवशी समुद्रावर ताबा ब्रिटनचाच होता. जर्मन सेनानी शेअर यांनी त्यानंतर कैसरला कळवलं, ते स्पष्ट होतं: मोठ्यात मोठी सागरी लढाई जिंकली तरी ब्रिटन शरण येणार नाही, आता पाणबुड्यांवरच भिस्त ठेवावी लागेल. फेब्रुवारी १९१७ मध्ये पाणबुड्यांना कोणतंही जहाज बुडवायची मोकळीक मिळाली. एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली.

इकडे नाकेबंदीने जर्मन घरांतल्या चुली विझत होत्या. १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी सलगमावर काढला. उपासमार आणि त्यातून आलेल्या आजारांनी किती नागरिक दगावले, याचे अंदाज सव्वाचार लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत जातात. ज्या व्यापाराच्या रक्षणासाठी हे आरमार हवं म्हणून सांगितलं गेलं, तो व्यापार पहिल्या महिन्यापासून बंद होता आणि युद्धनौका बंदरात उभ्या होत्या.

ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, हार स्पष्ट दिसत असताना, ब्रिटिशांवर शेवटची चाल करायचं नौदलाच्या सेनानींनी ठरवलं. खलाशांनी साफ नकार दिला. बंडाची आग कीलमध्ये भडकली, तिथून देशभर पसरली आणि ९ नोव्हेंबरला कैसरची सत्ता गेली. ज्या आरमाराचं त्याला सर्वांत जास्त वेड, त्याच्याच खलाशांनी क्रांतीला तोंड फोडलं. आरमारातल्या ७४ नौका स्कॅपा फ्लोत नजरकैदेत गेल्या आणि २१ जून १९१९ रोजी जर्मन अधिकाऱ्यांनीच त्यातल्या ५२ नौका स्वतःच्या हाताने बुडवल्या.

आज हे का वाचायचं?

अमेरिका आणि चीन यांच्यातल्या नौदल स्पर्धेच्या बातम्यांत बहुतेक वेळा आकडे असतात. नौकांच्या संख्येत चीनचं नौदल आज जगात पहिलं आहे. अमेरिकेच्या नौका सरासरीने मोठ्या आहेत आणि तिच्याकडे ११ विमानवाहू नौका आहेत, तर चीनकडे तीन. पण जर्मनीची गोष्ट सांगते की, नुसत्या मोजणीने फारसं कळत नाही.

भूगोल पाहावा लागतो. जपान, तैवान आणि फिलिपिन्सची बेटं चीनच्या किनाऱ्यासमोर आडवी पसरली आहेत आणि त्याचं बरंचसं तेल मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतं. शेजारी काय करतात, तेही पाहावं लागतं. जपान संरक्षण खर्च वाढवतोय आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिका आणि ब्रिटनशी अणुपाणबुड्यांचा करार केला. चीनच्या वाढत्या नौदलाला दिलेलं हे उत्तर आहे, हे उघड आहे.

साम्य ताणूनही चालणार नाही. दोन्ही बाजूंकडे अण्वस्त्रं आहेत. आणखी एक मोठा फरक गोद्यांचा आहे. तेव्हा जहाजबांधणीत ब्रिटन जर्मनीच्या पुढे होता, म्हणूनच तो शर्यत जिंकला. आज जगात बांधल्या जाणाऱ्या व्यापारी जहाजांपैकी, टनभाराच्या हिशेबात, निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये बांधली जातात आणि या बाबतीत अमेरिका खूप मागे आहे. म्हणजे ज्या एका बळावर जुनी सत्ता तेव्हा तरली, ते बळ या वेळी नव्या सत्तेकडे आहे.

जर्मनीचं आरमार ब्रिटनला घाबरवण्याइतकं मोठं होतं, पण हरवण्याइतकं मोठं कधीच नव्हतं. घाबरलेला प्रतिस्पर्धी नमतं घेईल, असं टिर्पिट्झ यांनी धरलं होतं. घाबरलेल्या ब्रिटनने मित्र गोळा केले, कर वाढवले आणि जहाजं बांधली. त्यामुळे एखाद्या देशाने नवी विमानवाहू नौका पाण्यात उतरवल्याची बातमी आली की, ती किती टनांची आहे याबरोबरच तिच्याकडे पाहून बाकीचे देश काय करू लागले आहेत, हेही तपासायला हवं.